कोजागिरीची थीम, फुगा बाही आणि टँकर

देशमुख काकू (ए-२०१), सकाळी ९:१२
प्रणिता, काल रात्री तू ग्रुपवर टाकलंस ना, "थीम : जुनं ते सोनं. फुगा बाही, बॉबी प्रिंट, आईच्या कपाटातली साडी", ते वाचून मी आज सकाळी माझा १९८६ सालचा ब्लाऊज काढला. लग्नाच्या वर्षीचा, बाटली हिरवा, फुगा बाहीचा. डावा हात गेला. उजवा कोपरापर्यंत गेला आणि तिथंच बसला. ना पुढं ना मागं. हे फिरायला गेलेले, गॅसवर दूध. पंधरा मिनिटं मी तशीच उभी, शेवटी सुनेनं काखेत कात्रीनं उसवला. फॅशन परत येते म्हणता, पण तेव्हाचं अंग कुठून आणायचं तेही थीममध्ये लिही.

जाधव वहिनी (बी-१०२)
अय माय काकू 😂😂 फोटो काढला का?

देशमुख काकू
नाही.

जाधव वहिनी
सुनेनं काढला असंल.

प्रणिता (सी-४०३)
सॉरी काकू 🙏 फुगा बाहीच पाहिजे असं काही नाही, ती नुसती उदाहरणं होती. सध्या इन्स्टावर सगळं तेच चालू आहे, फुगा बाही, मोठी कॉलर, ऑर्गन्झा, ढगळ जीन्स. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना सूट होतं.

सोनवणे मॅडम (बी-३०४)
थीम ऐच्छिक आहे की सक्तीची? कृपया सांगावे.

क्षीरसागर ताई (बी-२०३)
सगळ्यांना सूट होत नाही. २२ वर्षं ब्लाऊज शिवायलेय म्हणून सांगते. फुगा बाही संपते कुठं, त्यावर सगळं आहे. दंड जिथं सगळ्यात जाड तिथंच पट्टी आवळली की दंड दुप्पट दिसतो. तीच बाही कोपराच्या चार बोटं वर आणली आणि खांद्यावर चुण्या कमी घेतल्या की त्याच बाईला शोभते. खांदे अरुंद आणि खालचं अंग भारी असेल तिला तर फुगा चांगलाच दिसतो, वरचं खालचं जमून येतं. ज्यांचे खांदे आधीच रुंद आहेत त्यांनी घालू नये. मी नाव घेत नाही.

कुलकर्णी काकू (सी-२०२)
घ्यायची गरज नाही. कळलं.

क्षीरसागर ताई
काकू, तुम्हाला नाही म्हणलं.

कुलकर्णी काकू
मी कुठं म्हणाले मला म्हणलं 🙏

पाटील काका (सचिव)
टँकर ११ वाजता येत आहे. ए विंगसमोरच्या गाड्या काढून घ्याव्यात. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, कपड्यांच्या चर्चेसाठी महिलांनी वेगळा ग्रुप करावा.

जाधव वहिनी
वेगळा ग्रुप केला होता पाटील काका. तिथं तुम्हीच रोज सुप्रभात टाकत होतात म्हणून बंद केला.

देशमुख काका (ए-२०१)
थीम पुरुषांना पण आहे का? माझी बेलबॉटम माळ्यावर असावी. बाय द वे, बॉबी प्रिंट हे नाव १९७३ च्या सिनेमामुळे पडलं. मी सातवीत होतो. त्याआधी त्याला ठिपक्यांचं कापड म्हणायचे. सिनेमा आला आणि गुलमंडीवर दुकानदार ओरडायला लागले, बॉबी प्रिंट घ्या, बॉबी प्रिंट घ्या. मोठ्या बहिणीनं हट्ट करून घेतलं होतं.

देशमुख काकू
तुम्ही गाडी काढा आधी.

क्षीरसागर ताई
प्रणिता, अजून एक. ऑर्गन्झा. ते कापड अंगाबरोबर पडत नाही, फुलून उभं राहतं. निऱ्या बसवायला दहा पिना लागतात आणि लिफ्टमधून खाली येईपर्यंत परत फुगतात. तुझ्यासारख्या काटकुळ्या पोरीला छान. आमच्यासारखी भरल्या अंगाची बाई त्यात मंडपाची कनात दिसते. त्यापेक्षा जुनी जॉर्जेट नाहीतर शिफॉन काढा. ८०-८५ साली गार्डन वरेलीची एक तरी साडी प्रत्येकीनं घेतलीच होती. ती अजून फाटलेली नसणार, मी लिहून देते. निऱ्या सरळ खाली पडतात, दोन किलो कमी दिसतं.

जाधव वहिनी
दोनच?

सोनवणे मॅडम
थीम ऐच्छिक आहे की सक्तीची? कृपया सांगावे.

कुलकर्णी काकू
माझं म्हणणं वेगळं आहे. साडीला काहीच होत नाही. साडेपाच मीटर कापड, ते काय कुणाला नाही म्हणतंय. आईची मी नेसले, माझी मुलगी नेसली. चुगली करतो तो ब्लाऊज. म्हणून जुन्या साडीवर नवा साधा ब्लाऊज शिवावा आणि मोकळं व्हावं. काही जणींना जुन्या ब्लाऊजचाच सोस असतो.

देशमुख काकू
सोस नाही. त्या साडीच्या काठाचं कापड आता मिळत नाही म्हणून. पदर बाटली हिरवा आणि काठ चिंतामणी रंगाचा. दुकानात चिंतामणी म्हणलं तर पोरगं मोबाईलमध्ये शोधायला लागलं.

क्षीरसागर ताई
काकू, तो ब्लाऊज टाकू नका, मला आणून द्या. त्या वेळचे शिंपी दोन्ही कुशीला इंच-इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडायचे. फक्त एक सांगून ठेवते, नंतर माझ्यावर बोल नको. माया उसवली की आतला रंग निघतो गर्द, आणि बाहेरचा ४० वर्षांत उडालेला. म्हणजे दोन्ही कुशीला दोन उभ्या पट्ट्या दिसतात. हात वर केला की समजतं. परवा एकीनं मलाच विचारलं, "डिझाईन आहे का?" आता होय म्हणायचं की काय करायचं?

जाधव वहिनी
आमच्या शिंप्यानं मायाच ठेवली नव्हती. सासूबाईंवर गेला होता.

जाधव वहिनी
*हा मेसेज डिलीट केला आहे*

देशमुख काकू
वाचला सगळ्यांनी.

शेख भाभी (ए-१०३)
माझ्याकडे अम्मीची हिमरूची शाल आहे, ती चालेल का? सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा. आमचे नाना सांगायचे, तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्याच्या मागं मागं हे विणकर इकडं आले. खरंखोटं अल्ला जाणे, पण शाल उबदार आहे. आणि प्रणिता, तू गरारा ट्रेंडमध्ये आहे म्हणून सांगत होतीस ना त्या दिवशी लिफ्टमध्ये? आमच्याकडे तो कधी गेलाच नव्हता. दर लग्नात तोच. तुमची फॅशन जाऊन परत येते, आमची घरीच बसलेली असते 😄

प्रणिता
भाभी शाल पाहिजेच!! फोटो टाका ना.

पाटील काका (सचिव)
ए विंगसमोर अजूनही दोन गाड्या आहेत. टँकरवाला थांबत नाही, मागच्या वेळी निघून गेला होता आणि अख्ख्या सोसायटीनं दोन दिवस काढले. लक्षात असेलच.

कुलकर्णी काकू
जुनं ते सोनं म्हणायचं आणि मग सोन्याला कात्री लावायची, हे मला पटत नाही. मागच्या दिवाळीला आपल्याच सोसायटीत पैठणीचा लांब ड्रेस पाहिला. चेन लावलेला. माझ्या तर पोटात गोळा आला.

प्रणिता
काकू तो ड्रेस माझा होता. आणि पैठणी माझ्या आईची होती, कुणाची मागून आणली नव्हती. २५ वर्षं एकाच घडीत ठेवल्यानं घडीवर चिरत गेली होती. निऱ्या घेतल्या की टर्र आवाज यायचा. नेसणं शक्यच नव्हतं. पदर आणि काठ तरी वाचले. नाहीतर त्या जरीवाल्याला वजनावर द्यायची वेळ आली होती.

क्षीरसागर ताई
तिचं बरोबर आहे. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून उलटी घालायची असते. आणि डांबरगोळ्या साडीत टाकू नका, जर काळी पडते. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. जुनं धोतर सगळ्यात उत्तम.

कुलकर्णी काकू
माझी पैठणी ३० वर्षांची आहे, पैठणहून आणलेली. एक धागा इकडचा तिकडं नाही. नीट ठेवणारीकडं राहते. ओरिजिनल आहे, असावली बुट्टी, पदरावर मोर.

जाधव वहिनी
पलटून दाखवा की काकू. माझी चुलत जाऊ पैठणची आहे, ती म्हणती हातमागाची असली की मागून पुढून नक्षी सारखीच. मशीनची असली की पाठीमागं धागे कापलेले लोंबतात.

कुलकर्णी काकू
मला काही सिद्ध करायचं नाही.

जाधव वहिनी
नाही नाही, सहज म्हणलं. आमची येवल्याच्या दुकानातली आहे, साडेचार हजाराची. पाठीमागं नुसती दाढी आहे. मी लपवत नाही.

सोनवणे मॅडम
थीम ऐच्छिक आहे की सक्तीची? तिसऱ्यांदा विचारत आहे.

जोशी आजी (ए-३०१)
खण

जोशी आजी
नातू टाईप करून देतोय. आजी विचारतेय की खणाची आख्खी साडी ही काय नवीन पद्धत. खण चोळीला असतो नाहीतर ओटीत घालायचा असतो. त्याचा पन्हाच अरुंद. आमच्या आई इरकल नेसायच्या टोप पदराचं, त्याच्यावर खणाची चोळी. आता म्हणे पोरं खणाचे झब्बे घालतात. आजी हसतेय.

देशमुख काकू
आजी, तुमचं ते जांभळं इरकल आहे का अजून?

जोशी आजी
आहे म्हणते. महालक्ष्म्यांना नेसवतात दरवर्षी. धाकटीला. पिनांची भोकं पडलीत म्हणून अंगावर घालत नाही.

कुलकर्णी काकू
मला वाटतं आपण सगळ्यांनी वयाप्रमाणं कपडे घालावेत. साठीनंतर फुगा काय आणि ठिपके काय. लोक हसतात.

देशमुख काकू
कोण हसतं?

कुलकर्णी काकू
सर्वसाधारण बोलले.

देशमुख काकू
मागच्या कोजागिरीला दूध फाटलं तेव्हा पण कुणी हसलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं कुणाकडून फाटलं.

क्षीरसागर ताई
जाऊ द्या हो काकू. कोजागिरीला चारच दिवस राहिलेत आणि माझ्याकडं आत्ताच अकरा ब्लाऊज पडलेत. आता कुणी "उद्या पाहिजे" म्हणून आलं तर मिळणार नाही, आधीच सांगते. आणि वयाचं म्हणाल तर कुलकर्णी काकू, मी शिवते ते माप बघून, जन्मतारीख विचारत नाही. देशमुख काकूंना फुगा शोभंल. कोपराजवळ आणून, चुण्या अर्ध्या करून. खांदे बारीक आहेत त्यांचे.

देशमुख काकू
🙏

जाधव वहिनी
प्रणिता, ती तुझी कंबरेच्या खाली घसरलेली जीन्स पण परत आली का गं? २००२-०३ ला माझ्याकडं होती. खाली वाकता येत नव्हतं, कॉलेजात वही पडली की पडली, कुणीतरी उचलून द्यायचं. त्यात दोघं तिघं ओळखीचे झाले. तेव्हा पोट आत होतं. आता ती घातली तर पोट बाल्कनीत आल्यासारखं दिसंल. कंबरेच्या वर चढलेली पँट बरी, पोट कसं पिशवीत बसतं, पाय लांब दिसतात.

देशमुख काका
बेलबॉटम सापडली. कंबर २८. बटण आणि काज यांच्यात एक वीत अंतर आहे.

पाटील काका (सचिव)
टँकर जळगाव रोडला आला आहे. पांढरी गाडी कोणाची?

सोनवणे मॅडम
मी तीन वेळा एकच प्रश्न विचारला. कुणाला उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून मीच सांगते का विचारलं ते. "आईच्या कपाटातली साडी." माझ्या आईकडे कपाट नव्हतं. पत्र्याची पेटी होती. दोन लुगडी, एक अंगावर आणि एक वाळत. फाटलं की दांड घालायची, म्हणजे फाटका भाग काढून तुकडे जोडायची. तिच्या कपड्यांतली कुठली फॅशन परत यायची? ती गेल्यावर दोन्ही लुगडी मी आणली, इतकी मऊ झाली होती की नेसण्यासारखी राहिली नव्हती. वाकळ शिवून घेतली. ती पांघरून येऊ का गच्चीवर? ज्यांच्याकडं आहे त्यांनी जरूर घालावं, माझा विरोध नाही. फक्त ग्रुप फोटोत "थीममध्ये नसलेल्यांनी मागं उभं राहावं" असं मागच्या वर्षी झालं होतं, म्हणून विचारलं.

शेख भाभी
मॅडम, मागच्या वर्षी मी पण मागंच होते.

प्रणिता
मॅडम, मागच्या वर्षी मी नव्हते कमिटीत.

देशमुख काकू
मी होते.

देशमुख काकू
ते वाक्य माझंच होतं. चुकलं.

जाधव वहिनी
मॅडम वाकळ आणाच. गच्चीवर बारानंतर असं गार वारं सुटतं की ऑर्गन्झावाल्या कुडकुडतात. वाकळंत दोघी मावतील का?

सोनवणे मॅडम
तिघी मावतात. आईनं काही नाही ठेवलं, पण पन्हा मोठा होता.

क्षीरसागर ताई
दांड कुठल्या धाग्यानं घालायची हो तुमची आई? मला बघायचं आहे. ते टाके आता कुणाला येत नाहीत.

सोनवणे मॅडम
दाखवते. संध्याकाळी या. पण थीमचं अजूनही कळलं नाही. ऐच्छिक की सक्तीची?

प्रणिता
हो मॅडम 🙏

सोनवणे मॅडम
हो म्हणजे काय?

कुलकर्णी काकू
मी पलटून बघितली. सारखीच आहे दोन्हीकडून. फोटो टाकते थोड्या वेळात, चष्मा सापडला की.

पाटील काका (सचिव)
टँकर गेटवर उभा आहे, हॉर्न वाजवतोय. पांढरी गाडी कोणाची???

देशमुख काकू
आमचीच. हे बेलबॉटममध्ये अडकलेत. सून कात्री घेऊन गेलीय.