विनाचालक मोटारी की बस : नाशिकची कोंडी कशाने सुटेल?

धागाकर्ता (इंदिरानगर)

द्वारका चौक आणि मुंबई नाक्यावरील सायंकाळच्या रांगांविषयी बोलणे निघाले की हल्ली एक उत्तर हमखास ऐकू येते : संगणकाने चालणाऱ्या मोटारी येऊ द्या, वाहतुकीला आपोआप शिस्त लागेल. मला हे पटत नाही. कोंडीचे मूळ रस्त्याच्या जागेत आहे आणि एकट्या माणसाला नेणारी मोटार कोणीही चालवली तरी तेवढीच जागा अडवते. अमेरिकेतील शहरांच्या वाहतूक विभागांची ‘नॅक्टो’ ही संघटना असे मांडते की, सुमारे तीन मीटर रुंदीच्या मार्गिकेतून मोटारींनी तासाला ६०० ते १,६०० माणसे जातात. तीच मार्गिका केवळ बससाठी राखली तर ४,००० ते ८,०००. आपल्या महापालिकेने २०२१ मध्ये सिटीलिंक ही शहर बससेवा सुरू केली, परंतु तिच्या बसही त्याच रांगेत उभ्या राहतात. पैसा आणि जागा आधी तिथे द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (गंगापूर रोड)

आपण जागेचा हिशेब मांडलात, पण चालकाच्या वागण्याचा भाग सोडून दिलात. जपानमधील संशोधकांनी २३० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी चालवल्या. कोणताही अडथळा नसताना, केवळ वेग कमी-जास्त होत राहिल्याने तिथे कोंडी झाली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेत अशाच वर्तुळात एकच स्वयंचलित मोटार सोडली, तेव्हा तिच्या संयत वेगामुळे मागची थांबा-चालाची लाट विरून गेली. अमेरिकेतील फिनिक्स महानगर परिसरात वेमो या कंपनीच्या चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी २०२० पासून सर्वसामान्यांसाठी खुल्या आहेत, म्हणजे हे आता कल्पनेतले राहिलेले नाही. ज्या वृद्धांना थांब्यापर्यंत चालवत नाही, त्यांचाही विचार व्हावा.

धागाकर्ता (इंदिरानगर)

वृद्धांचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. वर्तुळाच्या प्रयोगाविषयी मात्र सांगावेसे वाटते की तिथे चौक नव्हता, पादचारी नव्हते, मध्येच वळणारी रिक्षा नव्हती. आपल्या शालिमार चौकात हे सर्व एकाच वेळी असते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, चालवण्याचा त्रास संपला म्हणजे माणूस गाडी अधिक वापरतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १३ जणांना आठवडाभर मोफत चालक दिला, तेव्हा त्यांच्या गाड्यांनी कापलेले अंतर ८३ टक्क्यांनी वाढले आणि त्यांतील काही फेऱ्यांत मालक गाडीत नव्हताच. प्रयोग लहान असला तरी दिशा स्पष्ट आहे. मेनरोडच्या बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून मालकाची खरेदी होईपर्यंत रिकामी मोटार रविवार कारंजाभोवती फिरत राहिली, तर त्या रस्त्याचे काय होईल?

प्रतिसाद (सातपूर)

कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याला अशी मोटार परवडणार नाही, त्यामुळे माझ्यापुरता हा वाद इथेच संपतो. तथापि बसच्या समर्थकांनीही एक लक्षात घ्यावे : पाळी सुटल्यावर बस कधी येईल याची खात्री नसेल, तर कामगार दुचाकीच घेणार. नाशिकच्या नियोजित मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, पण त्या मार्गावर आजवर एकही गाडी धावलेली नाही. सिंहस्थात बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून भाविकांना एसटीने आत आणले जाते. लाखोंच्या गर्दीत जे आपण करतो, त्याचा लहानसा भाग त्र्यंबक रोडवर रोज का करू नये?

प्रतिसाद (गंगापूर रोड)

रिकाम्या फेऱ्यांची भीती मला मान्य आहे, परंतु त्यावर शुल्क हा उपाय आहे. लंडनने २००३ पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींकडून शुल्क घेतले आहे. आपणही तसे आकारावे, तंत्रज्ञानाला मात्र दार बंद करू नये.

धागाकर्ता (इंदिरानगर)

शुल्काला माझा पाठिंबा आहे, फक्त क्रम महत्त्वाचा आहे. स्टॉकहोमने जानेवारी २००६ मध्ये प्रायोगिक शुल्क लावले, पण त्याआधी, ऑगस्ट २००५ मध्येच, जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. सातपूर ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) अशी राखीव मार्गिका आणि पाळीच्या वेळा धरून बस मिळाल्या, तर त्यानंतर मोटारींवर शुल्क मागण्याचा अधिकार महापालिकेला येईल, आणि त्या मोटारींना चालक असो वा नसो, ते सर्वांना सारखेच लागू असावे.