‘आळस’ नेमका कुणाचा? महाडीबीटी, आठ लाख आणि अडकलेली फी

टेबलनंबर४
महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलबद्दल बेरीजवजाबाकी यांनी परवा लिहिलं होतं: ‘महाडीबीटीचा अर्ज अर्ध्या तासात होतो. शिष्यवृत्ती अडकते ती पोरांच्या आणि पालकांच्या आळसामुळे. सरकारने पैसेही द्यायचे आणि हात धरून फॉर्मही भरायचा का?’ तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण दोन ओळींत मावेना. म्हणून हा धागा.

अर्ज अर्ध्या तासात होतो, कबूल. पण अर्ज भरला म्हणजे फक्त एसटीत चढलात. पुढचे थांबे मोजू.

प्रोफाइल आधारवरून येतं. आधारवर नाव-आडनाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव-नाव-वडिलांचं नाव, एवढा फरकही एखाद्या कॉलेजात ‘सेंड बॅक’ला, म्हणजे अर्ज परत यायला, पुरतो. मग उत्पन्नाचा दाखला. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. जूनमध्ये प्रवेशाच्या घाईत मागच्या वर्षीचाच जोडला की गेला अर्ज परत. पुढे कोर्सची माहिती. कॉलेजने त्या वर्षीची शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी पोर्टलवर चढवलेली नसेल, तर पोराने कितीही नीट भरलं तरी आकडा चुकीचाच दिसणार.

आता अर्ज कॉलेजच्या लॉगिनला. आधी क्लार्क, मग प्राचार्य, मग जिल्ह्याचं किंवा विभागाचं टेबल. तीनपैकी कुणीही त्रुटी काढली की अर्ज परत विद्यार्थ्याकडे, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पहिल्या टेबलापासून. मुदतवाढ अर्ज भरायला मिळते. कॉलेजात अर्ज पडून राहिला, तर त्या दिवसांचा जाब कोण विचारतो?

सगळं मंजूर झालं तरी पैसे ‘आधार सीडिंग’ असलेल्या, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारला जोडलेल्या, खात्यात जातात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नाही. बँकेत केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नव्हे. एनपीसीआयच्या मॅपरवर, म्हणजे कुठलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्या यादीत, शेवटची जी बँक नोंदली, तिथे पैसा जातो. मोबाइलवर नवं खातं उघडताना पोराने एक टिक केली की शिष्यवृत्तीचा पत्ता बदलला. खातं ‘स्मॉल अकाउंट’ प्रकारचं (पुऱ्या कागदपत्रांशिवाय उघडलेलं) असेल, तर ५०,००० शिल्लक आणि वर्षाला १ लाख जमा ही मर्यादा आहे. इंजिनिअरिंगच्या फीचा हप्ता तिथेच आपटतो.

यात आळस कुठल्या थांब्यावर बसला होता ते बेरीजवजाबाकींनी दाखवावं.

बेरीजवजाबाकी
दाखवतो. नाव जुळत नाही हे बारावीतच कळतं, सीईटीचा फॉर्म भरताना. तेव्हा आधार दुरुस्त करायला कुणी अडवलं होतं? दाखला संपतो हे त्यावर छापलेलं असतं. सीडिंग तपासायला यूआयडीएआयच्या साइटवर दोन मिनिटं लागतात. तुम्ही मोजलेल्या थांब्यांतले निम्मे विद्यार्थ्याच्या हातातले आहेत. उरलेले कॉलेजचे, ते मी नाकारलेच नव्हते.

आणि मुलींचं तर आता सगळंच माफ आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. तरी रडगाणं चालूच.

खडूफळा
‘सगळंच माफ’ म्हणणाऱ्यांनी तो निर्णय स्वतः वाचला असता तर बरं झालं असतं. माफ झालं आहे ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. आधी ५० टक्के होतं, ते १०० झालं. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, पालकांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल तर. व्यवस्थापन कोटा आणि संस्था पातळीवरची फेरी बाहेर. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं बाहेर.

विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, गणवेश, जिमखाना, ‘इतर’ नावाचं ते अथांग डबकं, हे सगळं भरायचंच आहे. समजा शिक्षण शुल्क १ लाख आणि विकास शुल्क १२ हजार. मुलीचा १ लाख माफ, पण १२ हजार अधिक इतर, अधिक राहण्याखाण्याचे. ‘मोफत शिक्षण’ ऐकून गावाकडून आलेला बाप कॉलेजच्या खिडकीवर पावती बघून गप्प होतो तो यामुळे.

टेबलनंबर४
आणि खिडकीवरचा दुसरा खेळ. नियम असा आहे की पात्र विद्यार्थ्याकडून माफीची रक्कम प्रवेशावेळी घ्यायचीच नाही. राजर्षी शाहू योजनेत (८ लाखांच्या आतल्या खुल्या प्रवर्गाची अर्धी फी सरकार भरतं ती) ५० टक्केच घ्यायचे, मुलींकडून शिक्षण शुल्क शून्य. कॉलेजं म्हणतात, ‘आत्ता पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत देऊ.’ परत कधी? सरकारचा हप्ता येईल तेव्हा. पूर्ण भरायला सांगितलं तर लेखी मागा, किमान पावतीवर ‘शिष्यवृत्ती येईपर्यंत अनामत’ असं लिहून घ्या. मूळ कागदपत्रं आणि टीसी अडकवून ठेवण्याचा हक्क कॉलेजला नाही.

फॉर्मसोळा
हे सगळं ठीक आहे हो. पण खरा अन्याय कुणी बोलतच नाही. ८ लाखांची अट नोकरदारालाच चावते. माझ्या माहितीतल्या कुठल्याही शाळेच्या क्लार्कचा पगार लपत नाही, फॉर्म १६ वर (मालक देतो ते पगार-आयकराचं प्रमाणपत्र) ढोबळ आकडा छापून येतो. तहसीलला तोच धरतात. प्रमाणित वजावट नाही, ८० सीची बचतीची वजावट नाही. महागाई भत्त्याची मागच्या वर्षाची थकबाकी एकदम मिळाली की ७ लाख ९० हजारांचे ८ लाख ५ हजार होतात आणि पोराची अर्धी फी गेली. १५ हजार जास्त आले म्हणून ५० हजारांचा फटका! आणि शेजारी द्राक्षबागायतदार, दारात दोन गाड्या, दाखला ८० हजारांचा.

सातबारा
आला का शेतकरी! वाटच बघत होतो. शिष्यवृत्तीचा कुठलाही धागा असो, चौथ्या प्रतिसादापर्यंत द्राक्षबागायतदार येतोच.

फॉर्मसोळाताई, निफाडमधली बाग सोडा आणि जतमधली पाच एकर जिरायत बघा. तलाठी अहवाल लिहितो तो सातबारावरचं क्षेत्र, पीकपाहणी आणि पाणी बघून. कांद्याला भाव पडला, गारपीट झाली, तरी दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा. म्हणजे चांगल्या वर्षाचा दाखला आणि वाईट वर्षाची फी. तुमचा पगार निदान १ तारखेला येतो.

फॉर्मसोळा
जतवाल्याला द्या ना! मी कुठे नको म्हटलं? मी म्हणते ८० हजारवाल्या बागायतदाराचा दाखला तपासा. निर्यातीची बिलं आहेत, बँकेत उलाढाल आहे, पीककर्ज आहे. ते न बघता दाखला निघतो कसा?

सातबारा
शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही, म्हणून स्वघोषणा आणि तलाठ्याचा अहवाल. दुसरा मार्ग कुठला? बँकेची उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे. ८ लाखांची द्राक्षं विकली तर औषधं, मजुरी, खत, छाटणी वजा करून हाती काय उरतं ते बागवाल्यालाच माहीत. तुमच्या पगारातून कुणी फवारणीचा खर्च वजा करत नाही, कारण तुम्हाला फवारणी नाही.

बेरीजवजाबाकी
वा, आता फवारणी. मुद्दा काय होता?

निळीशाई
मुद्दा असा की तुम्ही सगळे ८ लाखांवर भांडताय आणि अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांवर २०१३ पासून बसली आहे. तेव्हाचे अडीच लाख आणि आजचे अडीच लाख एकच का? खासगी कंपनीत महिना २१ हजार मिळवणारा बापही बाहेर पडतो. त्याच्या वरच्यांसाठी फ्रीशिप आहे हे माहीत आहे मला, कुणी शिकवू नका. फ्रीशिपमध्ये फी भागते, निर्वाह भत्ता मिळत नाही.

शिवाय पैसे येण्याची गंमत. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांपासून केंद्र ६०, राज्य ४०. राज्याने आपला ४० टक्के हिस्सा दिला की मग केंद्राचा ६० टक्के थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. एकाच फीचे दोन तुकडे, दोन तारखांना. पहिला आला की कॉलेज म्हणतं ‘फी बाकी’, हॉल तिकीट थांबतं. दुसरा आला की सात दिवसांत कॉलेजला भरायचा. त्या काळात घरात कुणी आजारी पडलं आणि पैसे खर्च झाले की पोरगा ‘डिफॉल्टर’. आधी फीचा पैसा कॉलेजला जायचा, भत्ता पोराला. आता गरीब घराच्या खात्यात ५०-६० हजार ठेवून म्हणायचं, हात लावू नको.

बेरीजवजाबाकी
थेट खात्यात द्यायला लागले कारण कॉलेजं बोगस विद्यार्थी दाखवून लाटत होती. तेव्हा तुम्हीच ओरडत होता.

निळीशाई
‘तुम्हीच’ म्हणजे कोण? नीट बोला.

बेरीजवजाबाकी
‘तुम्ही’ म्हणजे या विषयावर लिहिणारे सगळे. लगेच अंगावर घेऊ नका.

लिंबूटिंबू
दोघांचे अर्ज सेंड बॅक. त्रुटी: भाषा.

खडूफळा
ओबीसी पालकांचा रोजचा गोंधळ सांगून टाकते, कारण फॉर्मसोळांच्या बोलण्यातही तो लपला आहे. नॉन क्रीमी लेयर (सधन ओबीसींत मोडत नसल्याचा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला, दोन्हीकडे आकडा ८ लाखच असल्याने लोक ते एकच समजतात. नॉन क्रीमीत १९९३ च्या निकषांनुसार पगार आणि शेती हे त्या आठ लाखांत धरत नाहीत, इतर उत्पन्न धरतात, आणि तेही सलग तीन वर्षांचं. नवराबायको दोघंही वर्ग ३ मध्ये शिक्षक, मिळून १८ लाख पगार, तरी नॉन क्रीमी निघू शकतं. त्यावर राखीव जागा मिळते. पण मुलींच्या फी माफीचा निकष पालकांच्या वार्षिक उत्पन्नाचा आहे. तिथे पगार धरला जातो. मग ‘नॉन क्रीमी आहे तरी माफी का नाही’ म्हणून क्लार्कशी भांडण. क्लार्कची चूक नसते.

सातबारा
म्हणजे १८ लाख पगारवाल्याला राखीव जागा मिळते आणि त्याची तक्रार तलाठ्याविरुद्ध? छान.

फॉर्मसोळा
मी ओबीसी नाही, मला नॉन क्रीमी काढता येत नाही, आणि मी राखीव जागेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. सातबारा, जरा वाचून लिहा.

सातबारा
बरं, ते मागे घेतो. तुमचा थकबाकीचा मुद्दा तर्काला धरून आहे, हेही लिहून टाकतो. एका रुपयाने ८ लाख ओलांडले की सगळंच जाणं हा मूर्खपणा आहे. ८ ते १० लाखांत २५ टक्के ठेवा, हवं तर. पण बागायतदाराचा दाखला अजूनही तुम्हाला तपासता येणार नाही. आणि त्यासाठी सगळ्या शेतकऱ्यांकडे पावत्या मागू लागलात, तर जतवाला आधी बाहेर पडेल, निफाडवाल्याकडे सीए आहे.

फॉर्मसोळा
हा शेवटचा मुद्दा पटला. नाइलाजाने.

टेबलनंबर४
राजर्षी शाहू योजनेच्या दोन अटी राहिल्या. एक, कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ. तिसरं इंजिनिअरिंगला गेलं तर पूर्ण फी. दोन, अभ्यासक्रम चालू असताना दोन वर्षांचा खंड चालत नाही. पोराने मधली वर्षं सोडली असतील, तर आधी खंडाचा नियम तपासा, मगच फीचं गणित मांडा. हे प्रवेशानंतर कळतं आणि तेव्हा जागा सोडली तर फीतली रक्कम कापली जाते.

नूतनीकरणाचंही तेच. पहिल्या वर्षी अर्ज झाला म्हणजे चार वर्षांची निश्चिंती नव्हे. दरवर्षी भरायचा. आधीच्या वर्षाचा निकाल लागला नसेल तर थांबून राहायचं. विद्यापीठाने निकाल उशिरा लावला तर त्यातही विद्यार्थ्याचा आळस का, बेरीजवजाबाकी?

बेरीजवजाबाकी
नाही. निकालाचा मुद्दा सोडतो. कॉलेजच्या लॉगिनला पडून राहिलेल्या अर्जांचाही सोडतो. ‘आळस’ हा शब्द पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांपुरता मागे. पण तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोराला अजून सीडिंग माहीत नसेल, तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सुचवा.

निळीशाई
त्याला तिन्ही वर्षं कॉलेजमध्ये कुणी सांगितलं नाही, असं म्हणायचं.

लिंबूटिंबू
उत्पन्नाच्या दाखल्याचं वेळापत्रक कुणी सांगेल का? वरची भांडणं वाचून एवढंच कळलं की मार्चमध्ये मुदत संपते.

खडूफळा
एप्रिल उजाडला की नवा दाखला काढा, सीईटीच्या निकालाची वाट बघू नका. सेवा हक्क कायद्याखाली १५ दिवस मुदत आहे. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांग लागते आणि १५ चे ३० होतात. अर्जाची पोचपावती जपून ठेवा, मुदत उलटली की प्रथम अपील त्याच पावतीवर. आणि दाखल्यावरचा बारकोड क्रमांक टाकताना शून्य आणि ओ यांची गल्लत करू नका.

सातबारा
आणि तलाठ्याकडे जाताना सातबारा आजचा न्या, मागच्या खरिपाचा नको.

फॉर्मसोळा
तेवढं मात्र तुम्हीच सांगू शकता.