सल्फेट आत नेणारा जीन आणि कूर्चा
एक प्रश्न विचारला गेलाय की एसएलसी२६ए२ हा जीन शरीरात इतक्या ठिकाणी काम करतो, तर त्यात दोष असल्यास बिघाड कूर्चा (सांध्यांतला, कानातला लवचिक भाग) आणि हाडांतच का दिसतो. त्याबद्दल थोडं सांगते.

या जीनपासून बनणारं प्रथिन पेशीच्या आवरणात बसून सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजन यांचं संयुग) आत घेतं. कूर्चेतल्या पेशींना त्याची भूक प्रचंड असते. त्या जे प्रोटिओग्लायकन, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या जोडलेली प्रथिनं, तयार करतात, त्यांच्या साखळ्यांवर सल्फेट असेल तरच ते पाणी धरून ठेवतात आणि कूर्चा दाब सोसते. हातापायांची लांब हाडं आधी कूर्चेच्या साच्यातच घडतात, म्हणून फटका तिथे बसतो. इतर पेशी गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून मिळणाऱ्या सल्फेटवर बरंचसं भागवतात.

जीन एकच, पण त्यात दोष आल्यावर सल्फेटची वाहतूक किती उरली त्यावर सगळं ठरतं. जवळजवळ बंद पडली तर अकॉन्ड्रोजेनेसिस १बी हा हाडांच्या वाढीचा गंभीर आजार होतो, ज्यात बाळ वाचत नाही. बरीच उरली तर उंची जवळपास सर्वसाधारण, मुख्यतः सांधे दुखतात. या दोन्हींच्या मधल्या तीव्रतेच्या डायस्ट्रॉफिक डिस्प्लेसिया या आजारात हाताचा अंगठा बाहेर वळलेला, पाऊल वाकडं, बाहेरचा कान सुजलेला. बुद्धी मात्र अगदी शाबूत. फिनलंडमध्ये हा आजार तुलनेने जास्त आहे, आणि १९९४ मध्ये तिथल्याच कुटुंबांच्या अभ्यासातून जीन सापडला.

आणखी एक, कळकळीने. दोष सहसा आई-वडील दोघांकडून येतो, दोघेही निरोगी असतात. आपल्याकडे ‘ग्रहणात काही चिरलं असेल’ म्हणून बाईला बोल लावतात. कृपा करून तसं करू नका. पुढच्या गर्भारपणाआधी जनुकीय सल्ला घ्या. आई-वडील दोघांकडेही दोष असेल तर प्रत्येक वेळी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.