मदत हवी आहे : साथरोग सर्वेक्षणासाठी जिनोम सिक्वेन्सिंगचा लाभ रुपयांत कसा मांडावा?

नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या महानगरपालिकेच्या आरोग्य विभागात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. करोनाच्या काळात आमच्याकडे आरटीपीसीआरची प्रयोगशाळा उभी राहिली आणि ती आजही चालू आहे. आता साथरोगांच्या सर्वेक्षणासाठी जनुकीय क्रमनिर्धारणाचे (जिनोम सिक्वेन्सिंगचे, म्हणजे जंतूच्या जनुकसंचातील अक्षरे क्रमाने वाचण्याचे) यंत्र घ्यावे, की निवडक नमुने पूर्वीप्रमाणे पुण्याला पाठवत राहावे, याविषयी स्थायी समितीपुढे टिपण ठेवायचे आहे. ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. यंत्राची दरपत्रके आली आहेत, त्यामुळे खर्चाची बाजू कशीबशी मांडता येते. लेखा विभागाने मात्र पहिला मसुदा परत करताना लाभाच्या रकान्यात रुपयांतील आकडा मागितला आहे, आणि तो प्रामाणिकपणे कसा काढावा यासाठी मला जाणकारांची मदत हवी आहे.

खर्चाविषयी माझी समजूत आधी सांगते, म्हणजे चूक असल्यास दुरुस्त करता येईल. २००१ मध्ये एक मानवी जनुकसंच वाचण्यास साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास खर्च येत असे आणि आता तो हजार डॉलरच्या खाली आला आहे, हा आलेख यंत्र विकणारे हमखास दाखवतात. आमच्या कामाला तो फारसा लागू पडत नाही. करोना विषाणूचा जनुकसंच जेमतेम तीस हजार अक्षरांचा आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वाचन हा एकूण खर्चाचा लहान भाग ठरतो. पैसा जातो तो आरएनए वेगळे करण्यात, लायब्ररी तयार करण्यात (म्हणजे जनुकीय तुकडे यंत्राला वाचता येतील असे करण्यात), आयात होणाऱ्या रिएजंटमध्ये (रसायनांत), वार्षिक देखभाल करारात, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये आणि आलेल्या माहितीचे विश्लेषण करणाऱ्या माणसाच्या पगारात. यांपैकी शेवटची बाब दरपत्रकात कधीच नसते, आणि कंत्राटी पदावर असा माणूस टिकत नाही, हा सगळीकडचाच अनुभव असावा.

त्यातच नमुन्यांच्या संख्येचा प्रश्न आहे. एका फ्लो सेलवर (यंत्रात बसवायच्या, नमुने जिच्यावर वाचले जातात त्या पट्टीवर) ९६ नमुने एकत्र लावले काय किंवा १२ लावले काय, फ्लो सेलची किंमत तीच राहते; म्हणजे त्या घटकापुरता दर नमुन्यामागचा खर्च आठपट होतो. आमच्या नोंदवहीतील सीटी मूल्याचा (आरटीपीसीआरमधील हा आकडा जितका कमी, तितका नमुन्यात विषाणू जास्त) रकाना वरून खाली वाचत गेले, की साथ नसलेल्या महिन्यांत पंचविसाच्या आतले नमुने आठवड्याला मोजकेच निघतात. सीटी तिशीच्या पुढे गेले, की नमुन्यात विषाणू इतका कमी असतो की वाचलेल्या जनुकसंचात मोठ्या फटी राहतात. प्लेट (एका फेरीत लावायच्या नमुन्यांचा संच) भरेपर्यंत थांबावे तर निष्कर्ष येईपर्यंत साथ पुढे निघून गेलेली असते, आणि अपुरी प्लेट लावावी तर खर्चाचे समर्थन करता येत नाही. मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगशाळेची क्षमता एका फेरीत ३८४ नमुन्यांची होती. एवढी फेरी आमच्या शहराला ऐन लाटेतही भरता आली नसती.

लाभाच्या बाजूने मला सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतील लिस्टेरिया या अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूच्या बाबतीत सापडला. तेथे सप्टेंबर २०१३ पासून रुग्णांकडून मिळालेल्या प्रत्येक लिस्टेरियाचे क्रमनिर्धारण होऊ लागले. त्याआधीच्या वर्षात रुग्णांचे १४ समूह ओळखले गेले होते आणि दूषित अन्नाचा उगम केवळ एकाच उद्रेकात सापडला होता. दुसऱ्या वर्षात समूह २१ झाले आणि ९ उद्रेकांचा उगम सापडला. एका समूहातील रुग्णांची मध्यक संख्या सहावरून तीनवर आली, म्हणजेच उद्रेक लहान असतानाच पकडले जाऊ लागले. अमेरिकेतील अन्नजन्य जिवाणूंच्या अशा संपूर्ण कार्यक्रमाचे २०२१ मध्ये आर्थिक मूल्यमापन प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०१९ पर्यंत सार्वजनिक आरोग्य यंत्रणांची गुंतवणूक सुमारे २.२ कोटी डॉलर होती आणि आरोग्यविषयक लाभ वर्षाला ५० कोटी डॉलरच्या जवळपास होता.

हेच गुणोत्तर टिपणात उचलून लिहिणे मला योग्य वाटत नाही. तेथे पाकीटबंद अन्नावर उत्पादकाचे नाव आणि तुकडीचा क्रमांक असतो, त्यामुळे उगम सापडला की माल बाजारातून परत घेता येतो. आपल्याकडे लग्नातल्या किंवा वसतिगृहातल्या विषबाधेची खबर आमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा भांडी घासून झालेली असतात आणि तपासायला अन्न उरलेले नसते.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्याचे आहे आणि ते मला अधिक अस्वस्थ करते. डिसेंबर २०२० मध्ये इन्साकॉग हे प्रयोगशाळांचे जाळे स्थापन झाले आणि बाधितांपैकी पाच टक्के नमुन्यांचे क्रमनिर्धारण करण्याचे लक्ष्य ठरले. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले, की तपासलेल्या १०,७८७ नमुन्यांत ७७१ नमुने चिंताजनक प्रकारांचे आढळले असून, त्याखेरीज महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने (जनुकीय बदल) एकत्र दिसत आहेत. मात्र त्यांचा रुग्णवाढीशी थेट संबंध जोडण्याइतकी ही संख्या नाही, असेही त्याच निवेदनात म्हटले होते. त्याच वंशावळीच्या एका शाखेला मे महिनाअखेर डेल्टा हे नाव मिळाले, तोवर दुसऱ्या लाटेने काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. माहिती हाती होती. निर्णयासाठी ती अपुरी होती, की निर्णयाची वाटच बांधलेली नव्हती, हे मला ठरवता येत नाही. लाभाचा आकडा काढताना हा फरक कळीचा ठरेल असे वाटते.

म्हणून विचारते : ज्यांनी अशी टिपणे लिहिली किंवा तपासली आहेत, त्यांनी लाभ कोणत्या एककात मोजला? महापालिकेने केलेल्या खर्चाचा लाभ राज्याला, देशाला किंवा परदेशाला होत असेल, तर तो आमच्या टिपणात धरावा का? आणि आमच्याएवढ्या शहराने स्वतःचे यंत्र घेणेच मुळात योग्य आहे का?

प्रतिसाद १

मी काही वर्षे क्रमनिर्धारण प्रयोगशाळेत काम केले आहे. आपण मांडलेली खर्चाची रचना बरोबर आहे. त्यात नमुना गोळा करण्याचा आणि शीतसाखळीतून नेण्याचा खर्च, नासलेल्या फेऱ्यांचा खर्च आणि मुदत संपून टाकून द्याव्या लागणाऱ्या रिएजंटचा खर्च जोडा. नमुन्यांची आवक अनियमित असली की ही शेवटची बाब फुगते.

लाभाबाबत माझा आग्रह असा आहे, की लाभ नमुन्याला किंवा यंत्राला जोडू नये, निर्णयाला जोडावा. एकेक रोग घेऊन असे लिहा : क्रमनिर्धारणाचा अमुक निष्कर्ष आला तर आमचा विभाग अमुक कृती बदलेल, तो निष्कर्ष इतक्या दिवसांत आला तरच बदलेल, आणि त्या बदलाने इतके रुग्ण किंवा इतका अनावश्यक खर्च टळेल. जेथे कृती बदलणारच नाही, तेथे लाभ शून्य धरावा, निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या कितीही रंजक असला तरी. डेंग्यूचे घ्या. चारपैकी कोणता सीरोटाइप (विषाणूचा प्रकार) फिरतो आहे हे आपल्याकडच्या आरटीपीसीआर यंत्रावर, योग्य किट घेतल्यास, फार कमी खर्चात कळते. केवळ त्यासाठी क्रमनिर्धारण करू नये.

स्वस्त चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ओमायक्रॉनचा वेगाने होणारा प्रसार एका पीसीआर किटमध्ये एस जनुकाचा (विषाणूच्या काटेरी प्रथिनाच्या जनुकाचा) संकेत न मिळण्यावरून मागोवता आला. पण त्या खुणेचा अर्थ क्रमनिर्धारणानेच लावून दिला होता, आणि पुढे बीए.२ हा उपप्रकार आला तेव्हा ती खूणच नाहीशी झाली. स्वस्त चाचणी अजून खरी बोलते आहे का, हे तपासण्यापुरते थोडे क्रमनिर्धारण सतत चालू असावे लागते.

लाभ दुसऱ्यांना होतो या आपल्या प्रश्नाचेही तेच उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कळवले, २६ तारखेला ओमायक्रॉन हे नाव दिले गेले, आणि त्याच दिवसांत अनेक देशांनी त्या भागातील विमाने थांबवली. जगाला वेळ मिळाला आणि किंमत कळवणाऱ्याने मोजली. म्हणून बाहेरचा लाभ टिपणात वेगळ्या रकान्यात जरूर लिहा, आणि त्याच्याच आधारे राज्याकडे किंवा केंद्राकडे खर्चाचा वाटा मागा. महापालिकेच्या लाभात तो मिसळू नका.

प्रतिसाद २

मी क्षयरोग कार्यक्रमात वैद्यकीय अधिकारी आहे. वरील प्रतिसादातील निर्णयाची कसोटी लावली, तर माझ्या मते टिपणाचा केंद्रबिंदू करोनाऐवजी क्षयरोग असायला हवा. क्षयरोगाचे नमुने बाराही महिने येतात, त्यामुळे प्लेट भरण्याची आपली अडचण बरीच कमी होते, आणि निष्कर्ष थेट एका रुग्णाच्या औषधांशी जोडलेला असतो.

आपल्याकडे सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट या जलद जनुकीय चाचण्यांनी रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला होणारा रोध काही तासांत कळतो, आणि त्यांची जागा क्रमनिर्धारणाने घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण या चाचण्या हा रोध जेथे निर्माण होतो त्या आरपीओबी जनुकाचा ठरावीक भागच पाहतात. आफ्रिकेतील एस्वातिनी या छोट्या देशात २००९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील बहुऔषधरोधी जंतूंची नंतर तपासणी केली, तेव्हा सुमारे ३० टक्के जंतूंत त्या भागाबाहेरचे एक उत्परिवर्तन निघाले. अशा जंतूचा रुग्ण जलद चाचणीत साध्या औषधांना दाद देणारा म्हणून नोंदला जातो, निरुपयोगी औषधे घेत राहतो आणि घरच्यांना बाधा देत राहतो. बेडाक्विलिन या औषधरोधी क्षयरोगावरील औषधाचा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती त्यावरच उभी आहे आणि त्याला रोध निर्माण करणारी उत्परिवर्तने एका जनुकात जागोजागी विखुरलेली असतात. ठरावीक जागा पाहणाऱ्या चाचणीला ती पकडता येत नाहीत.

लाभाच्या एककासाठी आपल्याला बाहेरचा अभ्यास शोधावा लागणार नाही. कल्चरवरील (प्रयोगशाळेत जंतू वाढवून तपासलेल्या) औषधरोधाचा अहवाल येण्यास कित्येक आठवडे जातात. तेवढ्या काळात चुकीच्या औषधयोजनेवर राहिलेल्या आपल्याच शहरातील रुग्णांची संख्या, त्या औषधांचा खर्च आणि बुडालेली मजुरी, हे हिशेब आपल्याच कार्यालयातील उपचारपत्रिकांवरून करता येतात. ही माहिती आपली असल्यामुळे लेखा विभाग ती नाकारणार नाही.

एक इशारा मात्र देतो. क्षयजंतूचा पूर्ण जनुकसंच सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे आणि तो वाचण्यासाठी बहुधा आधी कल्चर लागते, म्हणजे जैवसुरक्षेची तिसऱ्या स्तराची प्रयोगशाळा आली. तो खर्च आपल्या शहराने करू नये. थेट थुंकीच्या नमुन्यातून निवडक जनुके वाचण्याची पद्धत आता जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली आहे. विचार करायचाच तर तिचा करावा.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. क्षयरोगाचा मुद्दा मी पुरवणीत दोन ओळींत उरकला होता, तो आता मुख्य भागात येईल आणि उपचारपत्रिका उद्यापासूनच काढायला घेते. प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांना एक विचारायचे राहिले. २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या साथीत विमानाच्या सामानातून नेलेल्या लहान नॅनोपोर क्रमनिर्धारण यंत्रांवर १४२ नमुने वाचले गेले आणि नमुना हाती आल्यापासून २४ तासांच्या आत निष्कर्ष मिळू शकले, हे मला ठाऊक आहे. मोठे यंत्र न घेता असे एखादे यंत्र केवळ तातडीच्या उद्रेकांसाठी ठेवावे, हा पर्याय टिकेल का?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

यंत्र स्वस्त असल्यामुळे तो पर्याय आकर्षक दिसतो, पण वर्षातून दोनदा वापरायचे कौशल्य हातात राहत नाही आणि फ्लो सेलची मुदत साथीची वाट पाहत नाही. दर महिन्याला एक ठरलेली फेरी लावता येणार असेल, मग ती क्षयरोगाची का असेना, तरच घ्यावे. अन्यथा शेजारच्या दोन-तीन महापालिका मिळून राज्यातील एखाद्या विद्यमान प्रयोगशाळेशी लेखी करार करावा, त्यात नमुना पोहोचल्यापासून निष्कर्ष किती दिवसांत मिळेल हे कलम घालावे, आणि वाचलेला पैसा विश्लेषकाच्या कायम पदावर खर्च करावा.

धागाकर्तीचे उत्तर

हा संयुक्त कराराचा पर्याय मी टिपणात पहिल्या क्रमांकावर ठेवते आणि स्वतःच्या यंत्राचा पर्याय त्याच्या तुलनेत दाखवते. कोणाच्या महापालिकेने किंवा जिल्हा परिषदेने असा करार प्रत्यक्षात केला असेल, तर निष्कर्षाच्या मुदतीचे आणि रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचे कलम कसे लिहिले होते ते कृपया येथे द्यावे. स्थायी समितीची सभा पुढच्या महिन्यात आहे.