आजाऱ्याची सेवा करताना श्रद्धेने कसं सावरलं? (अनुभव धागा)

वसईची लेक
परवा ११ फेब्रुवारीला लुर्ड्स मातेच्या (मारिया मातेच्या) सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस आजाऱ्यांसाठी ठरवला, १९९३ पासून जगभर पाळतात. दरवर्षी फादर आजाऱ्यांना तेल लावून प्रार्थना करतात. यंदा त्यांनी व्हीलचेअर ढकलणाऱ्यांनाही थांबवलं आणि त्यांच्याही डोक्यावर हात ठेवला. मला एकदम माझ्या आईचं अंथरूण आठवलं. पक्षाघातानंतर तिची वाचा गेली होती, पण मी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) सुरू केली की ओठ हलायचे. कूस बदलणं, पुसणं, नळीतून भरवणं, सगळं रोझरी म्हणतच व्हायचं. येणारे सगळे आईला बघायला यायचे. एक मावशी मात्र माझ्यासाठी यायची. "तू झोप, मी बसते" एवढंच म्हणायची. त्या झोपेवर मी तगले. तुम्ही कशावर तगलात? लिहा.

मिरजेची सून
यांचं डायलिसिस चालू आहे, मी बाहेर बाकावर. बायबलच्या मार्क २ मधले ते चौघे आठवतात, छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडणारे. येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय, उचलून आणणाऱ्यांचा! यांना प्रार्थना करवत नाही त्या दिवशी मी दोघांची करते. नंबर लागला, नंतर लिहिते

नगरकर
दवाखान्यात रात्री आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरं पाळीपाळीने बाबांजवळ बसायची, म्हणून मी कामावर जाऊ शकलो. बाबांना ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची भजनं लागायची. शेजारच्या खाटेवर एक वारकरी आजोबा होते. शब्द नवे, पण अभंगाची चाल ओळखीची, ते टाळी धरायचे आणि म्हणायचे, अजून एक होऊ द्या. नर्सबाई रागवेपर्यंत चालायचं :)

शुभदा
माझ्या मुलाला फिट्स येतात. भेटायला आलेल्या एका बाईंनी तोंडावर सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडतो म्हणून तो बरा होत नाही. अजून टोचतं.

नगरकर
ताई, मनावर घेऊ नका. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर भले होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

वसईची लेक
शुभदा, तुझ्या लेकाचं नाव मेसेज कर गं. रविवारी मिस्सेत ठेवते. आणि तू जेवतेस ना वेळेवर?

शुभदा
हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच 🙏 करते मेसेज

गिरगावची काकू
जेवणावरून सांगते. बायबलमधला संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली मरण मागत होता (१ राजे १९). देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. उपदेश नाही केला. आमच्या भगिनी मंडळात आता हेच करतो, घरी डबा आधी, वचन नंतर.
आणखी एक. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातलं कुणी असेल तर वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून. होली क्रॉसच्या सिस्टर बघतात, पैसे घेत नाहीत, धर्म विचारत नाहीत. तिथे नेलं म्हणजे आपल्या माणसाला टाकलं असं नसतं हो. माझ्या जावेने नेलं आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याचा हात हातात घेऊन नुसती बसली, कारण बाकीचं सिस्टर करत होत्या.

पालघर
वसईची लेक, नळीतून काय द्यायचात? सासऱ्यांना कालच नळी घातली, घाबरलोय सगळे

वसईची लेक
डॉक्टरांनी सांगितलेलंच द्या. आम्ही नाचणीची पेज अगदी पातळ, गाळून द्यायचो. भरवताना डोकं उंच, नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही. कूस दर दोन तासांनी बदला, पाठीला जखमा होतात. हवेची गादी आहे का?

पालघर
नाही ना. महाग आहे

नगरकर
विकत घेऊ नका, भाड्याने मिळते. आधी तुमच्या चर्चमध्ये विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली असते.

मिरजेची सून
आले परत. आमच्याकडे सासूबाईंची आहे, पंप चालू आहे. भाऊ पुढच्या आठवड्यात विरारला जातोय, पाठवू का?

पालघर
ताई पाठवा!! स्टेशनवर मी येतो घ्यायला