जुन्या घरात हाय-फायचा रॅक: सागवानी करावा का रेडीमेड घ्यावा?

माडीवरचा_सूर:
राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, मातीच्या दोन फुटी भिंती, सागाचे खांब, वर माडी अन् माडीला पाटईची, म्हणजे लाकडी फळ्यांची, जमीन. गेल्या वर्षी पुण्याची नोकरी सोडून गावी आलो तं संगं टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), मरांट्झ कंपनीचा अँप म्हणजे अँप्लिफायर, सीडी प्लेयर अन् साडेतीनशेक एलपी रेकॉर्ड आल्या. सध्या सगळं एका प्लायच्या टीव्ही टेबलावर अन् दोन स्टुलांवर मांडून ठेवलंय. ऑनलाइन एक काचेचा चार कप्प्यांचा रॅक पाहून ठेवला होता, काळ्या पाइपचा, आईनं फोटो पाहिला अन् म्हणे "हे तं दवाखान्यातल्या ट्रॉलीवानी दिसते, देवघराच्या बाजूला हे नको". खरं सांगायचं तं तिचं चुकत नाही. मिस्त्री म्हणते मस्त सागवानी आलमारी करून देतो, दारं लावून, म्हणजे धूळ नाही. आता दुसरी भानगड, पोरगा माडीवर धावला की सुई उडते. रॅक चांगला वजनदार केला तं हे थांबन का?

उघडा_कप्पा:
सर्वात आधी दारं रद्द करा. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४५ डिग्री असते, त्यात अँप बंद आलमारीत म्हणजे भट्टीच. अँपच्या वर किमान १० सेंटीमीटर मोकळं ठेवा अन् मागची बाजू पूर्ण उघडी. धुळीसाठी टर्नटेबलला झाकण आहेच, बाकीच्यावर पंचा टाकला तरी चालते, फक्त चालू करताना तो काढायची आठवण ठेवा 😀

माप मिस्त्रीवर सोडू नका. हाय-फायचे डबे साधारण ४३-४४ सेंटीमीटर रुंद असतात, आतून ५० तरी ठेवा. पुढून मागच्या मापाची, म्हणजे खोलीची चूक सगळे करतात, मीही केली, डबा ३७ चा होता म्हणून फळी ३८ ची कापायला सांगितली अन् मागं वायरींच्या पिना कुठं जातील याचा विचारच नाही केला, शेवटी मागच्या फळीला करवतीनं खिडक्या पाडाव्या लागल्या. ४५-५० ठेवा.

सुई उडते त्याला एक जुगाड आहे, कडप्प्याचा तुकडा घ्या, त्याच्याखाली लेकरांच्या सायकलची ट्यूब, जराशीच हवा भरून, त्यावर टर्नटेबल.

बंगईवाला:
बाप्पा, ट्यूबचं काम स्लॅबच्या घरात बराबर आहे, स्पीकरची घरघर खालून वर येत नाही तिच्यानं. पाटईवर उलटं होते, मी करून बसलो. माणूस चालते तं सेकंदाला दोनेक पावलं पडतात, अन् ट्यूबवरचा दगड स्वतःच सेकंदाला तीन-चार हेलकाव्यांनी डोलते, दोन्ही इतके जवळ जवळ की एकमेकाला झोकाच देतात. माझ्या इथं पोट्टं कोपऱ्यात उडी मारे अन् आर्म पार शेवटच्या गाण्यावर जाऊन बसे.

अन् वजनाचं म्हणसान तं ऐका. हलून रायली जमीन, रॅक नाही. शंभर किलोचा रॅक ठेवला तरी पाटई लवन तं तोही लवन. टर्नटेबलले जमिनीपासून तोडा, भिंतीवर घ्या. पण मातीच्या भिंतीत रॉलप्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकायची गुल्ली) मारू नका, आठ दिवसांत भुगा होऊन हातात येते. कोनाडा टर्नटेबलले पुरत नाही, फुटभराचा असते. भिंतीतले दोन खांब पहा, त्यांच्यावर आडवी सागाची पट्टी बोल्टनं आवळा अन् तिच्यावर लोखंडी ब्रॅकेट.

बंगई, म्हणजे झोपाळा, आहे का घरी? असंन तं ज्या म्यालीले (आडव्या तुळईले) तिच्या कड्या आहेत त्या म्यालीखालचा खांब सोडा. कडीची कुरकुर थेट सुईत येते, मले वाटे रेकॉर्डच खराब आहे.

पहिले एक करा, स्टीलच्या पेल्यात काठोकाठ पाणी भरा, जिथं ठेवाचं तिथं ठेवा अन् पोराले धावू द्या. पाणी सगळं सांगते.

उघडा_कप्पा:
हे पटलं, मी स्लॅबवाला आहे, पाटईचा विचार केला नव्हता. मग सगळं खाली बैठकीतच का नाही आणत? तिथं फरशी असेल ना.

माडीवरचा_सूर:
फरशी आहे हो, पण दिवाळीपासून भाव येईपर्यंत बैठकीत कापूस असते छातीइतका. आवाजासाठी त्याच्याइतकी भारी खोली नाही म्हणा, पण रुईचं एक बोंड सुईले लागलं की झालं.

जवसवाली:
दादा, लाकडाचं मी सांगते, आमच्या घरी दोन पिढ्या लाकडाचाच धंदा आहे. नवा साग घेऊ नका, परतवाड्याच्या डेपोतला असो की आलापल्लीचा. माल एक नंबर आहे, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान बल्लारपूरहूनच गेलं होतं, पण पुरता वाळलेला नसेल तर आपल्या उन्हाळ्यात चिरा पडतात. तालुक्यात कोणी जुना वाडा पाडत असेल तर तिथली म्याल नाहीतर दाराची चौकट घ्या, पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड असतं, हलत नाही. फक्त चिरण्याआधी खिळे काढून द्या, नाहीतर आरा मशीनवाला शिव्या घालतो. अन् प्लाय तर नकोच, कूलरच्या ओलीनं कडा फुगतात.

उंच रॅक करूच नका. दीड फूट उंचीचा लांब बाक करा, दिवाणासारखा, वर अँप, खाली रेकॉर्ड. जुन्या घरात उंच वस्तू खुपते, बुटकी वस्तू दिसतही नाही. शंभर एलपी कव्हरसकट वीस-पंचवीस किलो भरतात, म्हणजे तुमच्या पाऊणशे किलोच्या वर गेल्या, तेव्हा बाक भिंतीलगत, खालच्या म्यालींना आडवा, दोन-तीन म्यालींवर वजन पडेल असा ठेवा. रेकॉर्ड उभ्या, एकावर एक नाही.

आता उधई, म्हणजे वाळवी. भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, पायांखाली दगडाचे तुकडे, अन् महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन मागं वाकून पाहा. मातीची बारीक नळी दिसली की समजा आलीच ती.

पॉलिश चमकणारं नको, जवसाचं तेल लावा. घाण्यावरचं कच्चं आठ-आठ दिवस चिकट राहतं, हार्डवेअरवाल्याकडून डबल बॉइल्ड आणा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, आपोआप पेट घेतात, आमच्या गोदामात एकदा धूर निघाला होता. पाण्यात भिजवून मगच टाका.

माडीवरचा_सूर:
पेला लावून पाहिला. टीव्ही टेबलावर पोरानं एक चक्कर मारली अन् अर्धं पाणी खाली. मग देवघराकडच्या दोन खांबांना तात्पुरती फळी शिकंज्यांनी आवळून तिच्यावर ठेवला तं पाणी फक्त थरथरलं, सांडलं नाही. बंगईवाले भाऊ, तुमचं म्यालीचं बोलणंही खरं निघालं, आधी मी बरोबर बंगईचाच खांब धरला होता, आजी बसली अन् पाण्यात गोल गोल लाटा.

म्हणजे टर्नटेबल खांबावर अन् बाकीचं बुटक्या बाकावर. काकाच्या पडक्या गोठ्यात दोन म्याली पडून आहेत, उद्या मिस्त्रीला घेऊन जातो. आईला बाक म्हटल्यावर तिनं पहिलं हेच विचारलं की त्याच्यावर बसून भाजी निवडता येईल का.

जवसवाली:
येईल की, फक्त अँपपासून हातभर दूर बसायला सांगा.