गाळ्याचं टोकन देण्याआधी वीजबिल बघा

बेकरीसाठी गाळा भाड्याने घेताना डिपॉझिट आणि सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवा, असा सल्ला दिला जातो; तो पटतो. पण ठाणे-वाशीत गाळा घेताना टोकनआधी मालकाकडून महावितरणचं ताजं बिल मागाच. त्यावर मंजूर भार (एका वेळी किती किलोवॅट वापरायला परवानगी आहे), वर्गवारी (घरगुती की व्यावसायिक) आणि थकबाकी, तिन्ही दिसतं. बेकरीचा ६ किलोवॅटचा ओव्हन, दीड टनी एसी, डीप फ्रीझर, मिक्सर एकत्र चालले की बेरीज ९ किलोवॅटच्या पुढे जाते. सिंगल फेजवर, म्हणजे साध्या घरगुती पद्धतीच्या जोडणीवर, ४० अँपिअरच्या (साधारण ९ किलोवॅटच्या) वर मिळत नाही, मग जास्त भार पेलणारी थ्री फेज जोडणी आलीच.

वाढीव भाराचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्याचाच, म्हणून मालकाची लेखी संमती आणि खर्च कोणाचा हे करारातच लिहून घ्या. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. एजंट हे कधीच सांगत नाहीत.